तोंडात टाचण्या असताना

बँकेची नोटीस काचेवर बाहेरून चिकटवली होती, आणि चिकटवणाऱ्याने खळ इतकी सढळ हाताने लावली होती की ब्लेडने खरवडूनही कागद सरळ निघत नव्हता. टाचणीबाई स्टुलावर उभी राहून खरवडत होती. शिवण उसवायचं तेच ब्लेड. मजकूर तिचा केव्हाच वाचून झाला होता. ही इमारत बँकेकडे गहाण आहे, कर्ज थकलं आहे, लिलाव होणार आहे, आत जे कोणी असतील त्यांनी जागा रिकामी करावी.

"जे कोणी," ती मोठ्याने म्हणाली. "माझं नाव आता 'जे कोणी'."

दीर आतून अंगावरचा भुसा झटकत आला. "वहिनी, उतरा आधी. पडाल."

"पडले तर तुमच्या दारात पडेन. छे, चुकलं. बँकेच्या दारात."

"मी बोलतोय त्यांच्याशी. मुदत मागितलीय."

"कधीपासून बोलताय? मला तर आज काचेवर वाचायला मिळतंय."

तो रस्त्याकडे बघत राहिला. "तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नाही."

"भाऊजी, माझी काळजी मला करू द्यायची होती. तेवढी तरी एक गोष्ट माझ्या नावावर राहिली असती."

टाचणीबाई हे तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कपडे लहानमोठे करून द्यायचं तिचं दुकान. पँटची लांबी कमी करायची, कोटाची कंबर सोडायची, तुटलेली चेन बदलायची. काम करताना ओठांत टाचण्यांची रांग धरायची तिला सवय होती, आणि टाचण्या काढल्या की जिभेलाही तसंच टोक असे. गल्लीने दोन्ही बघून नाव ठेवलं होतं.

इमारत दिराची. मागच्या भागात त्याचा फ्रेमा बनवायचा कारखाना, तिथे लाकडी पट्ट्यांच्या चळती आणि काचांचे उभे तक्ते. पुढची, रस्त्याकडची खोली तिची. तिची म्हणजे कशी, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. नवरा गेल्यावर तिच्या हाती विम्याचे पैसे आले. शिवाय तिने स्वतःच्या शिलाईतून बाजूला टाकलेले पैसे होते. त्याच सुमारास दिराला पट्ट्या कापायचं मोठं मशीन घ्यायचं होतं. त्याने तिचे सगळे पैसे घेतले आणि पुढची खोली तिच्याकडे गहाण ठेवली. व्याज द्यायचं नाही. त्याऐवजी पैसे परत मिळेपर्यंत तिने त्या खोलीत आपलं दुकान चालवायचं. कागद झाला, त्यावर दिराची सही झाली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. फक्त नोंदणी कार्यालयात जाऊन तो कागद सरकारी पुस्तकात चढवायचा राहिला.

राहिला म्हणजे विसरला गेला नव्हता. ती पिशवी घेऊन निघाली होती. दीर म्हणाला होता, "वहिनी, तिथे नोंदवलं की चार लोकांना कळतं. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, फ्रेमवाला वहिनीच्या पैशावर जगतो. आणि मी काय पळून जाणार आहे का? दादा असता तर त्याने मागितली असती नोंदणी?"

मेलेल्या नवऱ्याचं नाव मध्ये आलं आणि तिने पिशवी खुंटीला लावली. आता स्टुलावर उभी राहून तिला ती खुंटी दिसत होती. खुंटीवर पिशवी नव्हती, एक धुवायचा कोट होता, पण तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला तेवढं पुरेसं होतं.

वकीलबाईंची कचेरी औषधांच्या दुकानाच्या वर होती. जिना अरुंद, खोलीतल्या एका खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. वकीलबाई वयाने पिकलेल्या होत्या आणि त्यांना कशाचीच घाई नव्हती. टाचणीबाई उभ्याउभ्याच बोलत सुटली, तेव्हा त्यांनी तिला बोलू दिलं. राग संपायचं नाव घेईना, तेव्हा पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"कागद वाचला मी," त्या म्हणाल्या. "तुमच्यात आणि तुमच्या दिरात हा कागद पक्का आहे. उद्या तो म्हणाला की मी पैसे घेतलेच नाहीत, तर त्याची स्वतःची सही त्याला खोटं पाडेल. तुम्ही त्याच्यावर दावा लावू शकता."

"लावून मिळणार काय? भुसा?"

"म्हणून तर आपल्याला इमारतीकडे बघावं लागतं. आणि इमारतीच्या दारात बँक उभी आहे. बसा. मला सांगा, तुमच्याकडे कपडे येतात. कोणता कोणाचा, हे कसं ओळखता?"

"चिठ्ठी टाचते. नाव, माप, कधी द्यायचा ते."

"चिठ्ठी टाचली नाही, तर कपडा गिऱ्हाइकाचा राहत नाही का?"

"राहतो की. चिठ्ठी नसली म्हणून काय माझा होतो?"

"बरोबर. पण समजा, तुम्ही तो कपडा तिसऱ्याच माणसाला विकलात. चिठ्ठी नाही, तर त्या बिचाऱ्याला कसं कळणार?"

पुढचं टाचणीबाईच्या लक्षात यायला लागलं होतं.

"नोंदणी म्हणजे जागेवर टाचलेली चिठ्ठी," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या दिराने पुढे बँकेकडून कर्ज घेतलं आणि सगळी इमारत गहाण ठेवली. बँकेने सरकारी पुस्तक उघडलं. जागेवर चिठ्ठी नव्हती. तिने आपली टाचली. आता तुम्ही म्हणताय, माझा हक्क आधीचा. आधीचा आहेच. पण कायदा विचारतो, चिठ्ठी कुठे आहे?"

टाचणीबाईची कानशिलं तापली. साधा हातरुमाल दुरुस्तीला आला तरी ती चिठ्ठीशिवाय ठेवून घेत नसे. त्यावरून तिने गिऱ्हाइकांना झापलं होतं, एकदा तर एका कडक इस्त्रीच्या साहेबाला दारातून परत पाठवलं होतं. आणि जन्माची कमाई तिने बिनचिठ्ठीची सोडून दिली होती.

"म्हणजे संपलं."

"संपलं असं मी म्हटलं का? एक फट आहे. बँकेला ठाऊक असेल की या खोलीवर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे, किंवा साधे डोळे उघडे ठेवले असते तर कळलं असतं, तर तिला 'चिठ्ठी दिसली नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. खोलीत माणूस बसलेला दिसला, तर त्याला विचारायचं असतं की तू इथे कोणत्या हक्काने बसला आहेस. कर्ज देण्याआधी बँकेचा माणूस जागा बघायला आला असेल ना?"

"आला होता."

"त्या दिवशी काय झालं ते सांगा. राग ठेवा, काही हरकत नाही. फक्त क्रम चुकवू नका."

त्या दिवसाचं सांगताना टाचणीबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. दीर आदल्या दिवशी म्हणाला होता, "पुढची भिंत रंगवायचीय, तुमची पाटी जरा काढून ठेवा. आणि उद्या दुकान बंदच ठेवा, वास सहन होणार नाही." पाटी तिनेच काढली. स्क्रू गंजले होते, म्हणून त्यांवर मशीनचं तेल सोडून, हातानं फिरवून काढले. पण एका गिऱ्हाइकाला मुलाखतीला जायचं होतं आणि त्याचा कोट अर्धा होता, म्हणून ती दुसऱ्या दिवशी दुकानात आलीच. भिंतीला रंग नव्हता. कोट पुतळ्यावर चढवून ती बाहीला टाचण्या लावत होती, तेवढ्यात दीर एका माणसाला घेऊन आत आला. त्या माणसाच्या हातात मोजायची फीत होती.

"त्याने तुम्हाला काही विचारलं?"

"विचारलं. म्हणाला, तुम्ही कोण?"

"मग?"

"उत्तर भाऊजींनी दिलं. म्हणाले, ही आमची वहिनी, घरचीच आहे, वेळ जात नाही म्हणून बसते."

"आणि तुम्ही?"

टाचणीबाई खिडकीबाहेर बघत होती. "माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी मान हलवली."

"हो अशी?"

"हो अशी. तेव्हा मला काय ठाऊक तो बँकेचा आहे. मला वाटलं रंगारी आहे, भिंत मोजतोय."

वकीलबाईंनी कपाळ चोळलं. "मग तो गेला?"

"लगेच नाही. भाऊजी माळ्याची किल्ली शोधायला आत गेले. त्या माणसाच्या पँटची खालची शिवण सुटली होती, टाच अडकून धडपडला. मी म्हटलं, काढा, देते घालून. पडद्यामागे बसला बिचारा. घालून दिली. पैसे किती विचारायला लागला, म्हणाला घरचंच दुकान आहे म्हणतात, मग पैसे घेता का? मी म्हटलं, फ्रेमांचं दुकान त्यांचं, हे माझं. माझ्याकडे फुकट काही नाही. घेतले पैसे."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे शेवटचं परत सांगा. सावकाश."

तिने परत सांगितलं, आणि सांगता सांगता तिला कळलं की तोंडातल्या टाचण्या काढल्यावर ती त्या माणसाशी बोलली होती. स्वच्छ बोलली होती. त्याने ऐकलं होतं.

वकीलबाईंनी बँकेविरुद्ध कोर्टात अर्ज केला. सुनावणीच्या आधी जाऊ दुकानात आली. नेहमी मशीनशेजारच्या खुर्चीवर बसे, आज दारातच उभी राहिली.

"ताई, एक सांगायचं होतं. रागावणार नसाल तर."

"रागावलेलीच आहे. नव्याने काय रागावणार? बोल."

"तुम्ही तिथे म्हणालात की खोली गहाण होती आणि बँकेला माहीत होतं, तर ह्यांच्यावर येईल. ह्यांनी बँकेला लिहून दिलंय की जागेवर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. खोटं लिहून दिलं म्हणून खटला भरतील. त्यापेक्षा तुम्ही म्हणा, मी आपली हौसेने बसत होते. इमारत गेली तर गेली. हे तुमचे पैसे हळूहळू फेडतील. शेवटी घरातलंच आहे सगळं."

टाचणीबाईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "तुझ्या नवऱ्याने ते लिहून दिलं, तेव्हा मला विचारलं होतं?"

"नाही, पण..."

"नोंदणी नको म्हणाला तेव्हा मीच गप्प बसले, ती चूक माझी. पाटी काढायला सांगितली, तेव्हा कशासाठी ते सांगितलं? नाही. त्या माणसाने मला विचारलं, तर उत्तर कोणी दिलं? आणि आज तू सांगायला आलीस की कोर्टात मी काय बोलायचं. माझ्या वतीने बोलायला तुम्हा दोघांना कधी थकवा येत नाही का गं?"

"तुम्ही भांडायलाच बसल्या आहात."

"हो. खुर्ची माझी आहे, बसले."

जावेचे डोळे भरले आणि ती गेली. टाचणीबाईला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचाही राग आला. दिराला लहानपणापासून तिने पाहिलं होतं. त्याच्या शाळेच्या शर्टांना गुंड्या तिनेच लावल्या होत्या. तो लबाड नव्हता. त्याला फक्त असं वाटत आलं होतं की वहिनीचं जे आहे ते आपल्याच खिशात ठेवलेलं आहे. लबाडाचा राग करणं सोपं असतं, हे तिला त्या दिवशी फार जाणवलं.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. वर पंखा, पुढे उंच टेबलामागे न्यायाधीश, एका बाजूला साक्षीदाराची खुर्ची. दीर मागच्या बाकावर बसला होता, हातांच्या बोटांत अजून गोंद. वकीलबाईंनी तिला जिन्यातच बजावलं होतं, "जे झालं ते सगळं सांगायचं. आपल्या गैरसोयीचंसुद्धा. निम्मं खरं सांगणाऱ्याचं कोणी काहीच खरं मानत नाही."

बँकेचा वकील तरुण आणि टापटीप होता. "बाई, बाहेरची पाटी कोणी काढली?"

"मी."

"स्वतःच्या हाताने?"

"पायाने कशी काढणार?"

कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर बघितलं.

"बँकेच्या माणसासमोर तुमच्या दिरांनी तुम्हाला घरचीच म्हटलं, तेव्हा तुम्ही मान हलवली की नाही?"

मागच्या बाकावर दीर पुढे वाकला होता. नाही म्हणणं किती सोपं होतं. त्या दोघांशिवाय पाहायला तिथे कोणी नव्हतं.

"हलवली," ती म्हणाली. "तोंडात टाचण्या होत्या. तरीही त्या थुंकून बोलायला हवं होतं. बोलले नाही."

"म्हणजे तुम्ही बँकेला फसवलंत."

"तो बँकेचा आहे हे मला कोणी सांगितलं? आणि फसवायचंच असतं तर त्याच्याकडून पँटचे पैसे घेतले असते का?"

बँकेच्या वकिलाला पँटचं काही ठाऊक नव्हतं. तो आपल्या कागदांत शोधू लागला. वकीलबाई उठल्या आणि त्यांनी मोजणीवाल्या माणसाला खुर्चीत बोलवायला सांगितलं. तो माणूस साधा होता. खोटं बोलायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं आणि खरं बोलायला त्याला लाज वाटत होती.

"पुढच्या खोलीत कोण होतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"ह्या बाई."

"काय करत होत्या?"

"शिवत होत्या. पुतळ्यावर कोट होता. भिंतीला पुष्कळ कपडे टांगले होते. चिठ्ठ्या लावलेले."

"तुमचं काही काम केलं त्यांनी?"

त्याने पायांकडे बघितलं. "पँटची शिवण सुटली होती."

"पैसे कोणाला दिलेत?"

"बाईंना."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या की फ्रेमांचं दुकान त्यांचं, हे माझं. मला वाटलं, असंच बोलण्याच्या ओघात..."

न्यायाधीशांनी हात वर केला. "थांबा. आत शिरल्यावर 'तुम्ही कोण' हा प्रश्न तुम्ही कोणाला विचारला होता?"

"बाईंना, साहेब."

"अहवालात उत्तर कोणाचं लिहिलंत?"

"मालकांचं."

"मालक आत गेल्यावर बाई स्वतः बोलल्या. ते लिहिलंत?"

"नाही, साहेब."

निकाल काही आठवड्यांनी लागला. बँकेचं गहाण नोंदवलेलं होतं, ते इमारतीवर कायम राहिलं. पण पुढच्या खोलीपुरता टाचणीबाईचा हक्क आधी. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की ज्या खोलीत एक बाई उघडपणे धंदा करताना दिसते आणि हे माझं आहे असं तोंडाने सांगते, त्या खोलीबद्दल आपल्याला काही माहीत नव्हतं असं बँकेला म्हणता येणार नाही. पाटी काढल्याचा आणि मान हलवल्याचा उल्लेख निकालात होता. टाचणीबाईने तो भाग पुन्हा पुन्हा वाचला. तिला तो बरोबर वाटला आणि तरीही झोंबला. इमारत विकली गेली तरी तिचे पैसे परत मिळेपर्यंत खोली तिच्याकडेच राहणार होती; जो विकत घेईल त्याने हे मान्य करूनच घ्यायचं.

दिराविरुद्ध बँकेने वेगळी तक्रार केली. त्या तक्रारीचं काय होणार ते अजून ठरायचं होतं. जाऊ आता समोरून आली तरी रस्ता ओलांडून पलीकडे जाई.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दीर दुकानात आला. "झालं ना तुमच्या मनासारखं?"

"माझ्या मनासारखं म्हणजे माझे पैसे परत. ते झालंय?"

"देईन म्हटलं ना."

"मग खाली बसा आणि लिहा कसे द्याल ते. आणि त्यानंतर नोंदणी कार्यालयात जाऊ. आज. मी दुकान बंद करते."

"आज? अहो, रांग असते तिथे."

"मला रांगेत उभं राहता येतं."

ते गेले. परत आल्यावर तिने आपली पाटी जिथून काढली होती त्याच जागी बसवली, नव्या स्क्रूंनी. दीर मागे उभा होता. स्टूल हलत होतं म्हणून त्याने ते धरलं. तिने धरू दिलं. पण आभार मानले नाहीत.

पुढच्या आठवड्यात बँकेचा नवा माणूस मागचा कारखाना विकत घेऊ पाहणाऱ्या एका गृहस्थाला घेऊन आला. दीर दोघांना घेऊन पुढच्या खोलीतूनच आत निघाला होता. दुसरा रस्ताच नव्हता. टाचणीबाई एका स्कर्टला पट्टा लावत होती, ओठांत टाचण्या. गृहस्थ थांबला. टांगलेल्या कपड्यांकडे, चिठ्ठ्यांकडे, मशीनकडे बघितलं.

"आणि तुम्ही इथे...?" त्याने तिला विचारलं.

"ही आमची वहिनी," दीर म्हणाला, "ती..."

टाचणीबाईने एक हात वर केला. मग तळहातावर तिने एकेक टाचणी काढून ठेवली, सगळ्या, घाई न करता. खोलीतले तिघेही थांबले. त्या टाचण्यांच्या उशीत खोचून ती गृहस्थाकडे वळली.

"तुम्ही मला विचारलंत ना?" ती म्हणाली. "मग बसा. मी सांगते."